समुद्री अ‍ॅक्वेरियममधलं नायट्रेट आणि फॉस्फेट: फिल्टर मीडिया एकमेकांसोबत कसे वापरावेत? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथली उत्तरं प्रामुख्याने मासे आणि प्रवाळ एकत्र असलेल्या, टाकीखाली सम्प (फिल्टरची उपकरणं ठेवायची दुसरी टाकी) आणि स्किमर (बुडबुड्यांच्या फेसात घाण पकडून कपात जमा करणारं यंत्र) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आहेत. मीडिया म्हणजे पाणी शुद्ध करण्यासाठी फिल्टरमध्ये भरायचे पदार्थ. उदाहरणांत २५० लिटर पाणी धरलं आहे.

खाद्य तर चिमूटभरच घालतो. मग नायट्रेट आणि फॉस्फेट येतं कुठून?

त्या चिमटीतूनच. हिशोब करून पाहा. रोज १ ग्रॅम कोरडं खाद्य पडतं, त्यात ४५ टक्के प्रथिनं आणि साधारण १ टक्का फॉस्फरस आहे असं समजा. प्रथिनांच्या वजनात जवळपास १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे इथे ७२ मिलिग्रॅम. तो सगळा नायट्रेटपर्यंत पोचला तर ३१९ मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. २५० लिटरमध्ये हे रोजचं सुमारे १.३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) झालं. १० मिलिग्रॅम फॉस्फरसचं ३० मिलिग्रॅम फॉस्फेट होतं, म्हणजे रोजचं ०.१२ पीपीएम.

प्रत्यक्षात यातला काही भाग माशांच्या वाढीत जातो, काही स्किमरच्या कपात, काही शेवाळ खातं. तरीही प्रमाण लक्षात घ्या. प्रवाळाच्या टाकीत फॉस्फेट ०.१० च्या आत ठेवायचं म्हणतो, आणि एका दिवसाच्या खाद्यात तेवढं फॉस्फेट असतं. म्हणून मीडिया निवडण्याआधी आठवडाभर खाद्य वजनकाट्यावर मोजून घाला. फ्रोजन खाद्य मोजताना त्यात बरंचसं पाणीच असतं हे ध्यानात ठेवा.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो. तेवढं पुरत नाही का?

नायट्रेटपुरतं बोलायचं तर नाही. वरच्या हिशोबाने आठवड्याला ९ पीपीएम जमा होतं आणि तुम्ही टाकीत जे आहे त्याचा दहावा हिस्सा काढता. हा दहावा हिस्सा ९ पीपीएमएवढा होईपर्यंत आकडा चढतच राहणार, म्हणजे थेट ९० पर्यंत. इतर मार्गांनी काही निघून जात असल्याने बहुतेक टाक्या तिथवर पोचत नाहीत, पण पाणी बदलणं एकट्याने हे ओझं पेलू शकत नाही हे नक्की. पाणी बदलायचं ते सूक्ष्म घटक भरून काढण्यासाठी आणि तळाचा गाळ ओढून घेण्यासाठी. ते चालूच ठेवा.

आकडे किती असावेत? शून्य सगळ्यांत चांगलं ना?

शून्य नको. मिश्र प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम ठेवावं. फक्त मासे असतील तर नायट्रेट २० ते ४० गेलं तरी बहुतेक मासे व्यवस्थित राहतात.

उष्ण कटिबंधातल्या खऱ्या प्रवाळभिंतींवर पाण्यातले आकडे याहून खूप कमी असतात, हे खरं. पण तिथे प्लवकांच्या रूपाने अन्न अखंड वाहत येत असतं. आपल्या टाकीत ते नसतं. दोन्ही आकडे शून्यावर गेले की प्रवाळ फिके पडतात, त्यांच्या ऊती आकसतात, आणि तपकिरी, बुडबुडे धरलेला, तार सुटणारा थर वाळूवर पसरतो. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म, एकपेशीय जीव. साधं हिरवं शेवाळ घालवणं सोपं, हे घालवायला महिने जातात. शून्याच्या मागे लागून बिघडलेल्या टाक्या पाहून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण त्या मेहनत करूनच बिघडलेल्या असतात.

दोन्ही काढणारा एकच मीडिया नाही का?

ज्या अर्थाने विचारलं जातं त्या अर्थाने नाही, आणि पुढची सगळी उत्तरं यावर उभी आहेत.

फॉस्फेट रसायनाने पकडता येतं. लोह, अ‍ॅल्युमिनियम, लँथनम यांना ते घट्ट चिकटतं. नायट्रेट असं कशालाच सहज चिकटत नाही. गोड्या पाण्यात नायट्रेट ओढणारे रेझिन (ठरावीक द्रव्यं पकडणारे कृत्रिम दाणे) मिळतात, पण समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. त्या गर्दीत रेझिनवरच्या जागा भरून जातात आणि काही मिलिग्रॅम नायट्रेटला शिरायला वाव राहत नाही. अमोनिया ओढायला गोड्या पाण्यात वापरतात त्या झिओलाइट या खनिजाचंही तेच होतं, फक्त तिथे अडवणारं सोडियम असतं. खाऱ्या पाण्याच्या काही पद्धतींत झिओलाइट वापरतात ते मुख्यतः जिवाणूंना बसायला जागा म्हणून. दुकानदाराने ‘सगळ्याला चालतं’ म्हणून गोड्या पाण्याचं रेझिन हातात दिलं तर घेऊ नका.

तर नायट्रेट काढायचं काम सजीवांचं: जिवाणू किंवा शेवाळ. आणि सजीवांना वाढायला नायट्रोजनसोबत फॉस्फरसही लागतो. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये समुद्रातल्या प्लवकांचा अभ्यास करून दाखवलं की त्यांच्या शरीरातलं नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण समुद्राच्या पाण्यातल्या प्रमाणाशी जुळतं. ते प्रमाण अणूंच्या हिशोबात १६ ला १ असं मांडतात. आपल्या टेस्ट किटच्या भाषेत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात, ते साधारण १० ला १ येतं. हा काही टाकीत साधायचा नियम नव्हे. पण रसायनाने फॉस्फेट आधीच ओरबाडून घेतलं तर जिवाणू उपाशी राहतात आणि नायट्रेट जागचं हलत नाही, हे त्यातून समजतं.

मग अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कशासाठी?

नायट्रेट-फॉस्फेटसाठी नाहीच. कार्बन विरघळलेले सेंद्रिय पदार्थ, पाण्याचा पिवळेपणा आणि प्रवाळ एकमेकांविरुद्ध सोडतात ती विषारी द्रव्यं काढतो. यातले काही सेंद्रिय पदार्थ पुढे कुजून नायट्रेट-फॉस्फेट झालेच असते, तेवढी अप्रत्यक्ष मदत होते. लेदर कोरल आणि कठीण प्रवाळ एकाच टाकीत असतील तर कार्बन हवाच.

कार्बन घेताना दोन गोष्टी पाहा. आपल्याकडे नारळाच्या करवंटीचा कार्बन मुबलक आणि स्वस्त मिळतो, पण त्याची छिद्रं फार बारीक असतात. पाणी पिवळं करणाऱ्या मोठ्या रेणूंसाठी दगडी कोळशापासून केलेला कार्बन जास्त उपयोगी. दुसरं, काही कार्बनमधून फॉस्फेट सुटतं. नवीन पाकीट आणलं की ताज्या मिसळलेल्या खाऱ्या पाण्यात चमचाभर कार्बन रात्रभर ठेवा, आणि तो घालण्याआधीचं व नंतरचं फॉस्फेट मोजा. तफावत दिसली तर तो टाकीत घालू नका.

कार्बन स्वच्छ धुवा. त्याची बारीक पूड पाण्यात फिरत राहणं टँग जातीच्या माशांच्या डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर होणाऱ्या झिजेशी जोडलं गेलं आहे. आणखी एक: बऱ्याच दिवसांनी कार्बन घातला की पाणी एकदम नितळ होतं, प्रकाश खोलवर जातो आणि वरचे प्रवाळ भाजतात. पहिला आठवडा दिवे थोडे मंद ठेवा.

जीएफओ सुरू कसा करायचा?

जीएफओ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे तांबडे-तपकिरी दाणे, फॉस्फेट पकडणारे. आधी आरओच्या पाण्यात तांबडं पाणी येणं थांबेपर्यंत धुवा. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करा. ती मात्रा बहुतेक वेळा आपल्या टाकीला फार असते.

२५० लिटरमध्ये ०.२० पीपीएम म्हणजे एकूण ५० मिलिग्रॅम फॉस्फेट. ताजा जीएफओ एवढं एक-दोन दिवसांत ओढू शकतो, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. अचानक फॉस्फेट पडलं की अ‍ॅक्रोपोरासारख्या प्रवाळांची कातडी बुडापासून सुटू लागते. मी स्वतः एक मर्यादा पाळतो: आठवड्यात आकडा पाव हिश्श्याहून जास्त उतरू द्यायचा नाही. ०.२० असेल तर पुढच्या आठवड्यात ०.१५, त्यापुढे ०.११. या काळात अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) दर दोन दिवसांनी मोजा, जीएफओ सुरू केल्यावर ती उतरलेली दिसते. पाण्यात पोषक द्रव्यं कमी आणि अल्कलिनिटी ९ डीकेएचच्या वर, असं झालं तर प्रवाळांची टोकं जळतात. ७.५ ते ८.५ च्या दरम्यान स्थिर ठेवा.

रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे मीडिया भरून पंपाने पाणी सोडायच्या बंद नळकांड्यात, प्रवाह इतकाच हवा की वरचा थर जेमतेम हलेल. दाणे जोरात घुसळले की एकमेकांवर घासून त्यांची पूड होते.

बायोपेलेट आणि जीएफओ एकत्र चालतात का?

चालतात, आणि खाद्य जास्त पडणाऱ्या टाकीसाठी ही मला सगळ्यांत भरवशाची जोडी वाटते. पण दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नका.

पेलेट हे जिवाणूंना खाता येणारं पॉलिमर आहे. त्यातला कार्बन (हा जिवाणूंचं अन्न, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन नव्हे) खात जिवाणू वाढतात, वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतात, मग सुटून स्किमरमध्ये जातात. म्हणजे पाण्यातली द्रव्यं बाहेर काढण्याचं शेवटचं काम स्किमरच करतो. दमदार स्किमर नसेल तर पेलेट वापरू नयेत. जिवाणू प्राणवायूही ओढतात, आणि स्किमर तोही भरून काढतो.

क्रम असा. आधी पेलेट, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे. जिवाणूंचा जम बसायला चार ते आठ आठवडे लागतात. मध्येच पाणी दुधाळ झालं तर रिअ‍ॅक्टरचा प्रवाह कमी करा आणि हवेचा दगड लावा. नायट्रेट उतरायला लागलं की फॉस्फेट पाहा. जिवाणूंना नायट्रेटच्या मानाने फॉस्फेट थोडंच लागतं, त्यामुळे बहुतेक टाक्यांत ते शिल्लक राहतं. ते उरलेलं काढण्यापुरता जीएफओ आता घाला.

उलट केलं, म्हणजे आधी भरपूर जीएफओ घालून फॉस्फेट ०.०१ वर आणलं, तर पेलेटमध्ये जिवाणू वाढतच नाहीत. ‘तीन महिने झाले, पेलेट काम करत नाहीत’ ही तक्रार आली की आधी फॉस्फेटचा आकडा विचारावा.

कार्बन आणि जीएफओ एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये मिसळू का?

लहान टाकीत, जागाच नसेल तर मिसळा. एरवी नको. कार्बनचे दाणे हलके, जीएफओचे जड. एकाला योग्य असलेला प्रवाह दुसऱ्याला योग्य नसतो. दोघांची मुदतही वेगळी. कार्बन तीन-चार आठवड्यांत संपतो, तेव्हा अर्धा चालू असलेला जीएफओही फेकावा लागतो.

दोन रिअ‍ॅक्टर एकापुढे एक लावा: आधी कार्बन, मग जीएफओ. सेंद्रिय द्रव्यं कार्बनमध्ये अडकली की जीएफओच्या दाण्यांवर त्यांचा थर बसत नाही आणि तो जास्त टिकतो.

सम्पमध्ये सगळ्याची मांडणी कशी असावी?

टाकीतून खाली येणारं पाणी आधी फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) किंवा फ्लॉसमधून (कापसासारख्या तंतूंच्या थरातून) जावं. १०० ते २०० मायक्रॉनचं सॉक चालेल, पण दर दोन-तीन दिवसांनी बदला. आठवडाभर तसंच ठेवलेलं सॉक म्हणजे घरात झाकून ठेवलेली कचऱ्याची बादली. कचरा डोळ्यांआड असतो, पण कुजतो तिथेच. त्यानंतर स्किमरचा कप्पा. पेलेटच्या रिअ‍ॅक्टरची बाहेर पडणारी नळी स्किमरच्या पंपाच्या तोंडाशीच आणून सोडा, म्हणजे सुटलेले जिवाणू टाकीत जाण्याआधी उचलले जातात. मग कार्बन आणि जीएफओ, आणि शेवटी पाणी वर नेणारा पंप.

सिरॅमिक ब्लॉक किंवा रिंग असतील तर त्या सॉकनंतरच ठेवा. त्यांना ‘नायट्रेटचा कारखाना’ म्हणतात ते अर्धवट खरं आहे. अमोनियाचं नायट्रेट तिथे होतं, पण ते नाहीतर खडकांवरही झालंच असतं. भानगड त्यांच्यावर गाळ साचला की सुरू होते.

रेफ्युजियममध्ये (शेवाळ वाढवायच्या कप्प्यात) कीटोमॉर्फा हे शेवाळ आहे. सोबत हे सगळं वापरू का?

सगळं नको. कीटोमॉर्फालाही नायट्रेट आणि फॉस्फेटच लागतं. पेलेट जोरात चालले की ते फिकं पडतं, तुटतं आणि कुजून जे शोषलं होतं ते पाण्यात परत सोडतं. शेवाळ चांगलं वाढत असेल तर त्यालाच मुख्य काम करू द्या, दर आठवड्याला त्याचा काही भाग कापून बाहेर काढा, सोबत कार्बन ठेवा. फॉस्फेट तरीही वर राहिलं तर थोडासा जीएफओ. मला विचाराल तर ज्यांना रोज टाकीकडे लक्ष देता येत नाही त्यांनी हाच मार्ग धरावा. यात अचानक काही घडत नाही.

जीएफओ काढला की पंधरा दिवसांत फॉस्फेट परत वर. असं का?

खडक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असताना खडक ते साठवतात, पाण्यातलं कमी झालं की सोडतात. जुन्या टाकीतले किंवा दुसऱ्याकडून घेतलेले खडक महिनोन् महिने असं सोडत राहू शकतात. थोडा थोडा जीएफओ बदलत राहा. मात्रा वाढवून हे लवकर संपत नाही, प्रवाळांना मात्र झटका बसतो.

नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.२५. आता?

पेलेट किंवा व्हिनेगरसारखा कार्बनचा पुरवठा चालू असेल तर तो आधी कमी करा. नायट्रोजन संपल्यामुळे जिवाणू थांबले आहेत आणि फॉस्फेट पडून आहे. अशा वेळी अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं नायट्रेटचं द्रावण थोडं थोडं घालून आकडा २ ते ५ पर्यंत नेला, तर अनेकदा फॉस्फेट आपोआप उतरू लागतं. सोबत जीएफओची लहान मात्रा चालेल. टाकीत नायट्रेट मुद्दाम घालायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण काम करतं.

अ‍ॅल्युमिनियमचे पांढरे मणी आणि लँथनम?

पांढरे मणी झटपट काम करतात, पण लेदर कोरलसारखे मऊ प्रवाळ त्यांच्यामुळे मिटून बसलेले दिसतात. लँथनम क्लोराइड फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ बनवतं. तो गाळ ५ ते १० मायक्रॉनच्या सॉकमध्ये अडवला नाही तर माशांच्या कल्ल्यांत जातो, आणि टँगना त्याचा त्रास जास्त. मोठ्या टाकीत, अनुभवी हातांनी, थेंब-थेंब घालण्याचं ते औषध आहे.

वीज गेली तर या रिअ‍ॅक्टरचं काय होतं?

हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. लोडशेडिंगमध्ये दोन-तीन तास प्रवाह थांबला की बंद नळकांड्यातले जिवाणू आतला प्राणवायू संपवतात. पेलेटमध्ये हे सगळ्यांत लवकर होतं. वीज आल्यावर तेच पाणी टाकीत ढकललं जातं. रिअ‍ॅक्टर उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा आला तर आतलं पाणी ओतून द्या, मीडिया खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या आणि मगच सुरू करा. इन्व्हर्टरवर काय ठेवायचं ते ठरवताना टाकीतला पाणी फिरवणारा पंप पहिला, मग स्किमर. जीएफओ दिवसभर बंद राहिला तरी बिघडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पाणी गरम असल्याने त्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, तेव्हा पेलेटची मात्रा वाढवू नका.

घरातल्या आरओचं पाणी चालेल?

बहुतेक वेळा नाही. पिण्याच्या प्युरिफायरमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो आणि तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, किंवा चव यावी म्हणून खनिजांचा कार्ट्रिज असतो. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ५० ते १०० आला तर त्यात नायट्रेट आणि सिलिकाही असू शकतं. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत तर हे नक्की तपासा. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढणाऱ्या दाण्यांचा) टप्पा लावा आणि टीडीएस शून्य आलेलं पाणीच मीठ मिसळायला आणि बाष्पीभवन भरून काढायला वापरा. हे न करता महागडा जीएफओ घालणारे लोक नळातून आलेलं फॉस्फेट विकत घेतलेल्या मीडियाने काढत असतात.

कोकणातून समुद्राचं पाणी किंवा खडक आणले तर?

पाणी किनाऱ्यालगतचं असतं. पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरतो आणि शेतांतलं, गटारांतलं नायट्रेट-फॉस्फेट सोबत येतं. खडकांचा विचारच नको. आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. मेलेला प्रवाळ उचलणंही त्यात येतं.

मित्राच्या मीटरवर ३० आणि माझ्या किटवर ०.०९. कोण बरोबर?

दोघंही असू शकतात. काही मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतात. त्याला ३.०६६ ने गुणा आणि १००० ने भागा: ३० चं ०.०९२ पीपीएम फॉस्फेट होतं. नायट्रेटबाबतही किट ‘नायट्रेट-नायट्रोजन’ दाखवत असेल तर ४.४३ ने गुणा. मीडियाची मात्रा बदलण्याआधी एवढं तपासाच. चुकीच्या एककावरून तिप्पट जीएफओ घातला जातो.

मीडिया कधी बदलायचा?

कार्बन तीन-चार आठवड्यांनी. जीएफओसाठी तारीख धरू नका: रिअ‍ॅक्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचं फॉस्फेट टाकीतल्याएवढं झालं की तो संपला. पेलेट फेकायचे नसतात. ते झिजतात तशी भर घालायची. कार्बन आणि जीएफओ एकाच दिवशी बदलू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या. म्हणजे प्रवाळ मिटले तर कशामुळे ते कळेल.

माझी टाकी ६० लिटरची, सम्प नाही. मी काय करू?

पेलेट आणि लँथनम सोडून द्या. मागे लटकणाऱ्या फिल्टरमध्ये आधी फ्लॉस आणि त्यामागे जाळीच्या पिशवीत दोन-तीन चमचे कार्बन ठेवा. फ्लॉस एक दिवसाआड बदला. आठवड्याला १५ टक्के पाणी बदला; एवढ्या लहान टाकीत ते खिशाला परवडतं आणि मासे दोन-तीनच असले तर पुरतंही. फॉस्फेट ०.१५ च्या वर टिकून राहिलं तरच वेगळ्या पिशवीत एक चमचा जीएफओ घाला, आणि तिसऱ्या दिवशी मोजा.